बांबूंच्या मधोमध

परदेशातल्या आमच्या स्वोर्ड्स गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी मी जमिनीवर बसून बांबू आपटत असे. पुण्यातल्या माझ्या आईने हे पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. फिलिपिन्समधला हा नाच. दोघी समोरासमोर बसून दोन लांब बांबूंची टोकं धरतात, ते आधी जमिनीवर आपटतात, मग एकमेकांवर. नाचणारीने मधल्या फटीत पाय टाकायचा आणि बांबू मिटायच्या आत काढून घ्यायचा.

नाचणारी माझी शेजारीण, मनिलाची; हा नाच शिकवायचा क्लासही तिचाच. जन्मापासून घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं, इथे आल्यावर ती बाई म्हणून जगू लागली आणि ते कुणापासून लपवत नसे. माझं चुकलं की म्हणायची, "माझ्या पायांकडे बघू नकोस, तू फक्त ताल धर. तुझ्यावर भरवसा ठेवल्याशिवाय मला नाचताच येत नाही."

मार्चपासून हॉलच्या दारात दोन पुरुष उभे राहू लागले. बोलत काहीच नसत, मोबाइलवर तिचं शूटिंग करत. पुढच्या आठवड्यात ते चार झाले. शिकायला येणाऱ्या मुली गळत गेल्या. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही कुणीतरी लिहिलं की मुलांना तिच्याकडे कशाला पाठवायचं. एरवी त्या ग्रुपवर पोह्यांवरूनही भांडणारी मी तेव्हा गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते. तिला मात्र एकच आशा होती: गावच्या कार्यक्रमात नाच चांगला झाला की क्लास पुन्हा भरेल.

कार्यक्रमाला ते चौघे मागच्या रांगेत बसले होते. नाच सुरू होताच त्यांनी टाळ्या धरल्या, आमच्यापेक्षा किंचित जलद. लोकांना ते कौतुक वाटलं आणि सगळा हॉल त्यांना साथ देऊ लागला. टाळ्यांचा वेग वाढत गेला. ती हसत होती, पण डोळे माझ्यावर होते आणि त्यांत भीती होती. ताल सोडायचा नाही हे मला कळत होतं, पण हात टाळ्यांमागे धावले. समोरची मुलगी माझं बघून वेगात आपटू लागली. बांबू माझ्या शेजारणीच्या घोट्यावर मिटले. टाळ्या त्यानंतरही थोडा वेळ चालूच होत्या.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "माझाच पाय चुकला."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं, आणि मी लिहू दिलं.