जोडलेली उपकरणं : दोन

मी घरोघरी नेट जोडायची कामं करतो. बावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं हे वायरींचं काम आहे. खरं तर हे माणसांच्या सवयींचं काम आहे. कुणी राउटर कपाटात कोंडतो, कुणी त्याच्यावर कपड्यांच्या घड्या रचतो आणि मग मला फोन करून विचारतो, रेंज का येत नाही. मी तोंडावर बोलतो. त्यामुळे माझी गिऱ्हाइकं दोनच प्रकारची: एकदा बोलावून पुन्हा नाव न काढणारी, नाहीतर जन्मभर चिकटलेली. टायपिस्ट मावशी चिकटलेल्यांतल्या.

त्या माझ्या नात्यातल्या नव्हेत. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही. तीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली. आता घरी बसून करतात. कोर्टातल्या साक्षींचं रेकॉर्डिंग नेटवरून येतं, मावशी कानाला हेडफोन लावतात, पायाखालच्या पेडलने आवाज थांबवत, मागे नेत शब्दन् शब्द उतरवतात आणि पाचच्या आत परत पाठवतात. घटस्फोट, अपघात, भावाभावांची जमिनीवरून जुंपलेली भांडणं, दिवसभर कानात हेच. त्यातला एक शब्द कधी त्यांच्या तोंडून बाहेर आला नाही. चुका मात्र त्यांना खपत नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या कार्डावर ‘दुरूस्ती’ छापलं होतं. त्यांनी पेनने उकार ऱ्हस्व केला आणि कार्ड मला परत दिलं. नवी कार्डं छापून घ्यावी लागली.

त्यांची इमारत गल्लीच्या अगदी टोकाला. मागच्या भिंतीवरून दोन मालकांचं वाजलेलं, त्यामुळे कुठल्याच कंपनीची केबल तिथवर पोचत नाही. त्यावर तोडगा काढला होता त्यांच्या मुलाने. एका जुन्या मोबाइलमध्ये सिम घालून तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, कारण घरात तेवढ्याच जागी सिग्नल धड येतो. त्याचा हॉटस्पॉट कायम चालू. आत टेबलाजवळ राउटर, तो मोबाइलकडून नेट घेतो आणि घरभर वाटतो: कॉम्प्युटरला वायरने, प्रिंटरला आणि मावशींच्या हातातल्या फोनला हवेतून. म्हणजे घराचं सगळं राउटरवर आणि मोबाइलला जोडलेलं गिऱ्हाईक फक्त एक, तो राउटर. पोराने काम नेटकं केलं होतं. मी सहसा कुणाच्या कामाची स्तुती करत नाही.

मुलाला मी कधी पाहिलं नाही. मी त्या घरी जायला लागलो तेव्हा तो घर सोडून गेला होता. त्याची खोली बंद नव्हती, उलट रोज झाडलेली असायची. टेबलावर त्याचे स्क्रू-ड्रायव्हर ओळीने लावलेले असायचे. मी एकदा त्यातला एक उचलला तर मावशी म्हणाल्या, तुझ्या पिशवीतला वापर. खिडकीतला मोबाइल पालथा पडून असायचा, चोवीस तास चार्जिंगवर, कायम कोमट. येता-जाता मावशी त्याच्या पाठीवर हात ठेवायच्या, तापलाय का बघायला. निदान मला तरी तसंच वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. महिनाभर दुपारी नेट रांगत होतं. एक ते दीडच्या सुमारास फाइल अर्ध्यावर अडकायची आणि पुढच्या कामाचे वांधे व्हायचे. मी मुद्दाम त्याच वेळेला गेलो. राउटर ठीक होता, वायरी ठीक होत्या. मग खिडकीतला मोबाइल उलटा करून हॉटस्पॉटचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, जोडलेली उपकरणं : दोन.

माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच. शेजारपाजारचा कुणीतरी फुकट ओढतोय. असले चोर पकडायला मला मनापासून आवडतं, खोटं का सांगू. दोन बोटांचं काम. त्या उपकरणाला ब्लॉक केलं, पासवर्ड बदलला, राउटरला नवा पासवर्ड दिला. फाइल सरसर गेली. मी छाती काढून मावशींना सांगितलं की तुमच्या मोबाइलवर कुणीतरी बसलं होतं, हाकललं त्याला.

मावशींनी हेडफोन काढला. पासवर्ड कुठला, राउटरचा की खिडकीतल्या फोनचा, एवढंच त्यांनी विचारलं. खिडकीतल्या, असं मी म्हटलं. त्या उठून खिडकीशी गेल्या. खाली गल्लीत उन्हाशिवाय काही नव्हतं. कोपऱ्यावर कुणीतरी वळलं, तेवढंच आम्हा दोघांना दिसलं.

“तो पासवर्ड तिघांनाच माहीत होता,” मावशी म्हणाल्या. “राउटरला, मला आणि त्याला. मी तर कुणाला सांगितलेला नाही.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग त्यांनी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, खिडकीकडे तोंड करून. मुलगा वर्षभर कॉलेजला जातो म्हणून घरातून निघत होता आणि जात नव्हता. परीक्षाही दिली नव्हती. मावशींना ते कोर्टातल्या एका कारकुनाकडून कळलं आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. “मी त्याला म्हटलं, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली रे मी. आणि घरात हे वाक्य बोलले.” तो त्याच संध्याकाळी गेला, नंबरही बदलला. तीन वर्षांत पत्ता नाही. पण जाण्याआधी कधीतरी त्यानेच त्यांना समजावलं होतं की एकदा जोडलेला फोन जवळ आला की न विचारता आपोआप जोडला जातो. तेवढ्या एका गोष्टीवर त्या तीन वर्षं तगल्या होत्या. केबल नको म्हणायच्या, नवा मोबाइल नको म्हणायच्या, ते याच्यासाठी. स्क्रीनवर आकडा दिसतो हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही सांगावंसं वाटलं नव्हतं.

“महिनाभर तो खाली येऊन बसत होता,” त्या म्हणाल्या, “आणि मी नेट हळू चालतं म्हणून कुरकुरत होते. आता त्याला वाटेल, आईने दाराला कुलूप घातलं.”

जुना पासवर्ड मी पुसून बसलो होतो. मावशींनी तो अक्षर अक्षर करून सांगितला आणि सांगताना त्यांची बोटं खिडकीच्या कट्ट्यावर टाइप करत होती. मी ब्लॉक काढला, सगळं होतं तसं केलं. स्क्रीनवर एकचा आकडा आला आणि तिथेच राहिला.

त्यानंतर तो मोबाइल पालथा ठेवला गेला नाही. मावशींनी टेबल खिडकीजवळ ओढून घेतलं. एक डोळा कामावर, एक त्या आकड्यावर. पन्नास पानांत एक चूक न करणाऱ्या बाईची पानं कोर्टातून परत यायला लागली. एकदा मी गेलो तर त्या हेडफोन लावून बसलेल्या आणि हात नुसते मांडीवर. म्हणाल्या, साक्षीदारांत एखाद्या पोराचा आवाज आला की पेडलवरचा पाय उचलतच नाही. पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत बसते. त्याचा नसतो. तरी ऐकते.

मला त्या घरात श्वास कोंडल्यासारखा व्हायचा, तरी मी दर आठवड्याला जायचो. आणि मी आणखी एक उद्योग मागे लावून घेतला होता. ब्लॉक काढताना मी त्या उपकरणाचा पत्ता वहीत उतरवला होता. प्रत्येक फोनला असा बारा अक्षर-अंकांचा पत्ता असतो. नवे फोन तो जागोजागी बदलतात, जुने बदलत नाहीत, आणि हा जुना होता. तेव्हापासून मी ज्या घरात, ज्या दुकानात, ज्या दवाखान्यात काम करायचो, तिथल्या यादीत आधी तो पत्ता शोधायचो. कुणाच्या घरी कोण कोण जोडलंय हे असं चाळणं बरं नाही, मला कळत होतं. पण तो पत्ता मला पाठ झाला होता. रस्त्याने चालताना माझे ओठ तो पुटपुटायचे. बायको म्हणाली, तुम्हाला झपाटलंय. मी तिच्यावर खेकसलो, कारण ती खरं बोलत होती.

चार महिन्यांनी तो सापडला. पार्सल कंपनीच्या गोदामात स्कॅनर बंद पडले होते म्हणून मला बोलावलं होतं. यादी उघडली आणि सातव्या ओळीत तोच पत्ता. मी हातातलं काम टाकलं आणि तो फोन कुणाचा ते विचारत फिरलो. खोक्यांच्या रांगेमागून एक माणूस आला. पंचेचाळिशीचा, मिशा पिकलेल्या, हातात चिकटपट्टीचं रीळ. माझं काही चुकलं का, असं तो घाबरून विचारायला लागला.

फोन त्याने दोन वर्षांपूर्वी जुन्या फोनच्या दुकानातून घेतला होता. दुकानदाराने आतले फोटो पुसले होते, जोडण्या तशाच ठेवल्या होत्या. विकणारा कोण, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. मी नंतर त्या दुकानातही जाऊन आलो. दुकानदार म्हणाला, साहेब, माझ्याकडे दिवसाला वीस फोन येतात.

आणि मग त्या माणसाने मला आपणहून सांगितलं. त्याच्या पार्सलांच्या वाटेवर एक गल्ली होती, तिच्या टोकाला एका खिडकीखाली बसलं की नेट आपोआप लागायचं. “देवाची कृपाच म्हणा ना. माझी लेक गावी आजीकडे असते. मी तिथे बसून डबा खायचो आणि ती तिकडे जेवायची. व्हिडिओवर. महिनाभर चाललं. मग एक दिवस ती बोलता बोलता मध्येच गेली. कुणीतरी कुलूप लावलं. पुन्हा तिकडे बसलो नाही मी.”

त्या खिडकीखाली मुलगा कधी आलाच नव्हता. फोन विकून तो कुठे गेला, या शहरात आहे की नाही, आहे तरी की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. मावशी ज्याच्यासाठी स्वतःला खात होत्या ते घडलंच नव्हतं, हे सांगितलं की त्यांचा अपराध सुटणार होता. आणि त्याच वाक्याने, तो आला होता, हा आधारही सुटणार होता. एक काढून दुसरं ठेवता येईल असं वाक्य मला सुचेना.

निघताना माझ्या तोंडून निघून गेलं की त्या गल्लीतलं नेट पुन्हा सुरू आहे, कुलूप चुकून लागलं होतं, खुशाल बसत जा. लेकीशी त्याचं बोलणं मीच तोडलं होतं, ते जोडून द्यावं एवढंच तेव्हा मनात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगतो.

आठवड्याने मावशींचा फोन आला. आवाज असा की मी आधी ओळखलाच नाही. म्हणाल्या, ये लवकर, दोन झालेत. चार दिवस रोज होतायत, एक ते दीड.

मी जिना चढताना ठरवूनच चढलो. आज सांगायचं. पार्सलवाल्याचं, दुकानाचं, सगळं. दीड वाजायला दहा मिनिटं होती. दार उघडंच होतं. खिडकीला पडदा ओढून घेतलेला, कॉम्प्युटर बंद, मोबाइल सरळ ठेवलेला आणि त्याच्यासमोर मावशी ताट वाढून जेवत बसलेल्या. खिडकीपाशी जाऊन खाली बघितलं का, असं मी हळूच विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही म्हणाल्या, मी बघितलं तर तो उठून जाईल. एकदा घालवलाय, आता नाही.

“मावशी,” मी म्हटलं, “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “जेवणाची वेळ आहे. खाली तोही काहीतरी खात असेल. तीन वर्षांनी एका वेळी जेवतोय रे आम्ही दोघं.”

खालून, पडद्याच्या पलीकडून, एका माणसाचं बारीक हसणं ऐकू आलं. मावशींचा घास हातात थांबला. साक्षीदाराचा प्रत्येक शब्द टिपणारे ते कान होते आणि त्यांना तो आवाज कुणाचा नव्हे हे कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. मग त्यांनी घास खाल्ला आणि मला विचारलं, काय सांगणार होतास?

काही नाही, मी म्हटलं, आणि ते जेवण संपेपर्यंत राउटरपाशी खाली मान घालून बसून राहिलो.