गोल बाल्कनीचं घर

घर शोधायला लागलं की घर मिळो न मिळो, किस्से मात्र मिळत जातात. सुरुवातीला मी ते बाबांना सांगायचे. मग ऑफिसात सांगायला लागले. आता कोणी नुसतं "घराचं काय झालं गं?" विचारलं तरी अर्धा तास जातो.

मला हवं असलेलं घर ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीत. नाव सांगत नाही, लगेच ओळखाल. तीन मजले, लाकडी जिना, लिफ्ट नाही, आणि रस्त्याकडे गोल बाल्कन्या. लहानपणी बाबा मला डोंबिवलीहून चष्म्याचा नंबर काढायला ठाण्यात आणायचे, तेव्हा आम्ही तिच्यासमोरून जायचो. बाल्कन्यांत वेताच्या खुर्च्या आणि खुर्च्यांत माणसं. ती नुसती बसलेली असायची. आमच्या घरी नुसतं बसलेलं मी कोणाला पाहिलंच नव्हतं.

पुढे मी स्कॉटलंडला जाऊन जुन्या इमारती कशा जपायच्या ते शिकले आणि परत आले. मला वाटलेलं, इथली माणसं आपल्या घरांवर जीव टाकत असतील, फक्त जपायचं कसं ते त्यांना माहीत नसेल. ते मी सांगेन. प्रत्यक्षात सगळी सोसायटी इमारत कधी पडते याची वाट बघत होती.

•

पहिला भेटला तो एजंट. विकाऊ घर दुसऱ्या मजल्यावर, प्रधानकाकांचं. काका पुण्याला मुलीकडे असतात. मी दार उघडून थेट बाल्कनीत गेले. लाल कोबा, गार कठडा, समोर बकुळीचं झाड.

एजंट मागून आला आणि त्याने मोबाइल पुढे केला. "मॅडम, ही बघा बाल्कनी."

स्क्रीनवर काचेचा टॉवर होता.

"पण मी बाल्कनीतच उभी आहे."

"ही धरू नका हो मॅडम. ही जाणार."

•

मग कमिटीने मला बघायला बोलावलं. बघायलाच म्हणायचं, कारण समोर पोहे होते. सेक्रेटरी कर्णिककाकांनी चष्मा पुसला आणि गंभीर आवाजात विचारलं, "तुम्ही शाकाहारी?"

मी ताठ बसले. हा प्रश्न येणार हे मैत्रिणींनी सांगून ठेवलेलं. उत्तर, त्यामागचं तत्त्व, सगळं तयार होतं. "नाही. आणि मला वाटतं, कोणी काय खावं हे..."

"सुटलो," काका म्हणाले. "मागे एकजण घर बघायला आलेले, जिन्यात सुक्या बोंबलाचा वास येतो म्हणून परत गेले. वैद्यवहिनी, हिला अजून पोहे द्या. आता मुद्द्याचं. रीडेव्हलपमेंटला सही करणार ना?"

मुद्दा खराच तेवढा होता. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. फक्त प्रधानकाकांची राहिलेली. कायद्याने बहुमत पुरतं, पण बिल्डर म्हणाला होता, एकही माणूस विरोधात नको, नाहीतर मी येत नाही. म्हणजे घर मी घेतलं तर ती सही माझ्या हातात. इमारत उभी राहणार की पडणार, ते मी ठरवणार.

मी म्हटलं, "विचार करते." कर्णिककाकांनी माझ्या पोह्यांकडे असं पाहिलं की ते परत घ्यावेत की काय.

•

विचार करायच्या ऐवजी मी भाषण केलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पडद्यावर फोटो लावून. हा कठडा असा आता कोणी घडवत नाही, ही फरशी, हा जिना. शेवटी म्हटलं, "हे घर म्हणजे तुमची आठवण आहे. ती पाडू नका."

टाळ्या पडल्या. वैद्यवहिनींनी डोळेसुद्धा पुसले. मला वाटलं, जिंकलं.

कर्णिककाका उठून म्हणाले, "फारच सुंदर. हे फोटो मोठे करून नव्या टॉवरच्या लॉबीत लावायचे. ठराव मांडतो."

एकमताने पास.

•

वैद्यवहिनींकडे चहाला गेले तर हॉलच्या मधोमध पातेलं. वरून टप टप चालू. वहिनी पातेल्याला वळसा घालून कप घेऊन आल्या.

"तुमच्या स्कॉटलंडात जुन्या घरांतून गळत नाही?"

"गळतं ना."

"मग काय करतात?"

"कधीकधी सरकार दुरुस्तीला मदत करतं."

वहिनींनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "साखर किती घालू?"

•

नवरात्राच्या आधीच्या रविवारी गेले तर सगळी सोसायटी जिन्यात. प्रत्येकाच्या हातात जुना मोजा चढवलेला, आणि मोज्याने जिन्याच्या लाकडी कठड्याला जवसाचं तेल चोळणं चाललंय. दरवर्षी करतात म्हणे, आपापल्या मजल्याचं आपण.

मी कर्णिककाकांना गाठलं. "काका, हा जिना तुम्ही पाडणार आहात."

"हो."

"मग तेल कशाला?"

"पाडायचाय म्हणून कोरडा ठेवायचा?" ते म्हणाले आणि एक मोजा माझ्या हातात दिला.

•

प्रधानकाकांना मी फोन केला. मला वाटलेलं, हाच एक आपला माणूस. "काका, तुम्ही सही केली नाहीत. तुमचंही या इमारतीवर प्रेम आहे ना?"

"इमारतीचं काय घेऊन बसलीस बाळ," काका म्हणाले. "सही केली नाही म्हणून कर्णिक रोज फोन करतो. वैद्य करतो. तिसऱ्या मजल्यावरची सुलू तर दिवाळीत फराळाचा डबा पाठवते. सही केली की कोण करणार फोन?"

"मग आता घर का विकताय?"

"कर्णिक दमलाय गं. परवा नुसतं 'कसा आहेस' विचारलं त्याने. सहीचं विसरलाच."

•

बाबांना घर दाखवलं. निम्मं आयुष्य त्यांनी केमिकल कंपनीत शिफ्ट केलेल्या. मी बाल्कनीत खुर्ची टाकली. "बसा ना बाबा."

ते उभेच. कठड्यावरून हात फिरवत राहिले.

"अहो, बसा."

"आपलं झालं की बसतो," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरात असं बसू नये."

•

आणि हा शेवटचा.

सुलूमावशींचे गुडघे गेलेत, आणि लिफ्ट नाही. वर्षातून एकदा, नवरात्रात, चौघं मिळून त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवतात आणि रिक्षाने टेंभी नाक्याला देवी दाखवून आणतात. यंदा खुर्चीचा एक पाय मी धरला होता. प्रत्येक वळणावर थांबत, "मावशी, वजन वाढलंय हं," "तुझी ताकद कमी झालीय, मेल्या," असं करत उतरलो. दर्शन झालं. संध्याकाळी परत आलो, खुर्ची जिन्याशी मांडून ठेवली.

मावशी खुर्चीत बसेचनात. "थांबा जरा. कोणी मागे येऊ नका," म्हणाल्या आणि काठी टेकत फाटकाबाहेर गेल्या.

आम्ही बघत राहिलो. सपाट रस्त्यावर त्या हळूहळू कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेल्या. दुकानदाराने एक वस्तू दाखवली, ती नको म्हणाल्या. दुसरी दाखवली, ती परत दिली. पहिलीच परत मागितली. शेजारच्या फुलवालीशी बोलल्या. रस्त्यात उभ्या राहून इकडेतिकडे पाहिलं. कोणीच त्यांना घाई केली नाही.

परत आल्या तेव्हा चेहरा घामाने निथळत होता. कर्णिककाकांनी विचारलं, "काय आणलंत एवढं?"

"सेफ्टी पिना."

"अहो मावशी, सांगितलं असतं तर मी आणून दिल्या असत्या."

"म्हणूनच सांगितलं नाही," मावशी म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. आम्ही चौघांनी त्यांना वर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रधानकाकांना सांगितलं, घर मी घेतेय. मग कर्णिककाकांना सांगितलं, सही मी करतेय.