कुंभारीची घरमालकीण

आठवलं की आजही स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. कायदे सुधारण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने बायकांच्या मालमत्ता-हक्कांवर लोकांची मतं मागवली होती. मी सोलापुरात वकिली करते. मोठ्या हौसेने स्वतःच प्रश्नावली तयार केली आणि कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत गेले.

एक बाई भर उन्हात पायरीवर बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मला वाटलं, उजेडासाठी बसली असेल.

"घर तुमच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"व्हय की. पन नवरा भांडला की आतनं कडी लावतो. सकाळपासनं हितंच हाय मी."

माझ्या प्रश्नावलीत उत्तरं दोनच होती, हो किंवा नाही. मी 'हो'वर खूण केली. ते दार धडाधडा वाजवायचं सोडून मी तिला पुढचा प्रश्न विचारला! कसली डोंबलाची वकील मी! आयोगाकडे दिल्लीला गेलेल्या त्या कागदावर ती बाई घरमालकीण आहे, आणि खाली सही माझी आहे.