आर्डिसचं गुरुवारचं वाचन

चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायकांसमोर प्रार्थनेचं पुस्तक मोठ्याने वाचायचं काम आर्डिस हाउगनला लग्नानंतर लगेच मिळालं, आणि तिने ते पुन्हा कुणाच्या हाती जाऊ दिलं नाही. बाळंतपणानंतर मूल मांडीवर घेऊन वाचलं. नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावात कशाचाही गर्व करणं पाप समजतात. आर्डिसलाही गर्व नव्हता. ते काम दुसऱ्या कुणी करू नये, एवढंच तिचं म्हणणं.

मग डोळे गेले. पूर्ण नाही, नजरेच्या मधोमध धूसर डाग. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. पास्टर क्रिस्टिनबाईंचा फोन आला.

"आर्डिस, इतकी वर्षं केलंत. आता विसावा घ्या. मार्लिस तयार आहे."

"मार्लिस तयारच असते," आर्डिस म्हणाली. "एक गुरुवार मला द्या. नाही जमलं तर तिचं."

लेकीने नाताळात दिलेला टॅबलेट फडताळात विणलेल्या रुमालाखाली पडून होता. त्यात अक्षरं हवी तेवढी मोठी होतात, असं वाचनालयातल्या बाईने सांगितलं होतं. आर्डिसने आधी हात बसावा म्हणून फुकटची पुस्तकं उतरवली. फुकट मिळतंय ते नाकारायची आमच्यात रीत नाही. दोन दिवसांत तिच्याकडे मधमाश्या पाळण्याची तीन पुस्तकं, बोटीच्या इंजिनाचं एक आणि घोड्यांच्या पोटदुखीवरचं एक जाडजूड पुस्तक जमलं.

"आपल्याकडे घोडा नाही," नवरा लॉइड म्हणाला.

"पोटदुखी आहे ना? वाच."

प्रार्थनेचं पुस्तक मात्र कुठेच फुकट नव्हतं, कारण ते कुठेच नव्हतं. आमच्या जुन्या पाळकांनी स्वतः टाइप केलेली ती एकच प्रत, अक्षर मोहरीएवढं. लॉइडने खिडकीपाशी टेबल ओढून पानापानाचे फोटो काढले. टॅबलेटवर घेतले तर फोटो मोठा करताना ओळ पडद्याबाहेर पळायची. मग वाचनालयातल्या बाईने फोनवरून वाट दाखवली: फोटोंमधली अक्षरं ओळखून त्यांचं खरं पुस्तक बनवणारा एक फुकटचा प्रोग्राम होता. रात्रीच्या जेवणापर्यंत पुस्तक तयार झालं आणि घोड्यांच्या शेजारी जाऊन बसलं. आर्डिसने अक्षरं इतकी मोठी केली की पडद्यावर चारपाच शब्दच मावत. डाग चुकवायला मान थोडी तिरपी धरली, की वाचता येत होतं. सगळं तपासायला वेळ उरला नाही.

गुरुवारी तळघरात कॉफीचं मोठं भांडं रटरटत होतं. मार्लिस पहिल्या रांगेत, चष्मा पुसून तयार. आर्डिसने सुरुवात केली.

"हे प्रभो, आमची मनं भरकटतात, तू त्यांना हाती धरून, तळघरातलं कपाट, वापरून झाल्यावर परत ठेवावे, योग्य वाटेवर आण."

पूर्वी बायका पुस्तक घरी नेऊन विसरत, म्हणून पाळकांनी पानापानावर शिक्का मारला होता. प्रोग्रामने तोही इमानाने वाक्यात घातला होता. आर्डिसला चूक कळली. पण वाचणाऱ्याने मधे थांबायचं नाही आणि मनाने काही गाळायचं नाही, हा तिचा नेम. ती वाचत राहिली.

दुसऱ्या पानाला शिक्का आला तेव्हा मागून एकदोन आवाज तिच्यासोबत आले. आमच्या चर्चमध्ये तीच ओळ पुन्हा आली, की ती सगळ्यांनी म्हणायची असते. तिसऱ्या पानाला तळघर एका सुरात म्हणालं, "वापरून झाल्यावर परत ठेवावे." कुणी हसलं नाही. दोघींनी डोळे मिटले होते.

आमेन झाल्यावर आर्डिस म्हणाली, "ती ओळ प्रार्थनेतली नाही. कपाटाची आहे."

मार्लिस म्हणाली, "मी तर मनापासून म्हटली. नवऱ्याला, आमच्या ड्वेनला, जन्मभर हेच सांगतेय."

"पुढच्या वेळी काढून टाकते."

"काढ की. पण मला ते मोठं अक्षर दाखव आधी." मार्लिसने टॅबलेट ओढून घेतला. बराच वेळ पाहत राहिली. "पास्टरबाईंना हो म्हटलं खरं. पण त्या पुस्तकातलं मला कुठे दिसतंय? चष्मा बदलून झाला. पहिल्या रांगेत बसून पाठ केलेलंच म्हणत आलेय."

क्रिस्टिनबाईंनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. "मग वाचायचं कुणी?"

"मी वाचत्येय ना," आर्डिस म्हणाली. "आणि मार्लिस, तुझ्याकडेही टॅबलेट पडून असेल ना? सोमवारी घेऊन ये. घोड्यांचं पुस्तक घेशील?"

"फुकट आहे ना?"

"फुकट."

"मग दे."