डिंक कोणाला लावायचा?

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे किस्से आपोआप साठतात. पेशंट झोपलेला, सर्जनची मान खाली. मग ऐकायला आणि लक्षात ठेवायला उरतं कोण? मी! नाशिकच्या एका छोट्या हॉस्पिटलात आमचे सर्जन, म्हणजे सर, निर्मला सिस्टर आणि मी अशी बरीच वर्षं एकत्र काढली. त्यातलेच हे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जखम आतून चिकटवणारं औषध आमच्याकडे आलं. नाव लांबलचक, म्हणून सिस्टर त्याला डिंक म्हणायच्या. एका वेळी एकच पॅक यायचा आणि फ्रीजची किल्ली सिस्टरांच्या कमरेला! सरांचा नियम असा की आधी दाबून बघायचं, मग टाका, मग कॉटरी, म्हणजे विजेचा चटका. तरीही रक्त झिरपत राहिलं तरच डिंक.

*

पेशंटना मात्र डिंकच हवा असायचा. दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार अपेंडिक्ससाठी आले होते. तुम्हाला त्याची गरज का नाही, हे सर त्यांना बराच वेळ समजावत होते. ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हंजे आमच्या स्टिकरसारखं. फवारा पानाला चिकटावा म्हणून टाकतो, पण पावसाचं असलं तरच. कोरड्यात कशाला?"

तेव्हापासून सर प्रत्येक पेशंटला स्टिकरचंच उदाहरण द्यायचे. समोर कॉलेजचे प्राध्यापक असले तरी!

*

डिंकाची दोन सिरिंजमधली औषधं सुईच्या टोकाशी एकत्र आली की काही सेकंदांत घट्ट होतात. एकदा दोन शिकाऊ डॉक्टर बघायला आले होते. सुई हातात धरून सर त्यांना सांगू लागले की एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही. हे सांगायला ते मध्ये थांबले.

सिस्टर म्हणाल्या, "सर, सुईचं रक्त थांबलं."

*

येवल्याच्या एका पैठणी विणकरांना मात्र डिंक खरंच लागला. टाके काढल्यावर त्यांनी पोटावरचा व्रण नीट निरखला. "बाहेरून बरा आहे," ते म्हणाले. "पण पैठणी आम्ही उलटी करून बघतो. याची आतली बाजू कशीये?"

"ती बघायची वेळ माझ्यावर परत येऊ नये, एवढंच," सर म्हणाले.

*

एक दिवस नामपूरच्या एका मावशींची पित्ताची पिशवी काढली आणि यकृतातून रक्त झिरपायला लागलं. सगळे उपाय झाले, थांबेना. त्यांचं ब्लडप्रेशर उतरत चाललं होतं. आमचा पॅक आदल्या दिवशीच संपला होता. फ्रीजमध्ये होता तो एका कॉन्ट्रॅक्टरसाहेबांचा. हर्नियाला डिंक लागत नाही असं सांगूनही त्यांनी मुंबईहून मुद्दाम मागवलेला.

साहेबांचा नंबर पुढचा, बाहेरच बसले होते. सर जखम दाबून उभे राहिले आणि सिस्टर विचारायला गेल्या. साहेबांनी मावशींची चौकशी केली आणि म्हणाले, "घेऊन जा. पण मला टाके डबल घाला."

रक्त थांबलं. साहेबांचं ऑपरेशनही त्याच दिवशी झालं.

तिसऱ्या दिवशी ते भिंत धरत धरत मावशींना बघायला गेले. सिस्टरांनी ओळख करून दिली. मावशींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून अहिराणीत विचारलं, "तुना डिंक मना पोटमा शे. परत लेवाले उना का?"

साहेब दोन्ही हातांनी पोट धरून मटकन खुर्चीत बसले.

"परत नको, मावशी. पण हसवू नका. मला टाके आहेत."