सात आठवड्यांची अमेरिका

शेठांचा मुलगा मुंबईला बोटीत बसला, त्या सोमवारी मास्तर शाळेत तिसरीच्या वर्गाला तापीच्या उपनद्या शिकवत होते. मुलाच्या पेटीत अमेरिकेच्या सात आठवड्यांच्या प्रवासाचा आराखडा होता. तो मास्तरांनी केला होता. सोबतीला त्यांनी जायचे ठरले होते. गेला तो मुलाचा मेहुणा.

मी नंदुरबारच्या त्याच शाळेत संस्कृत शिकवत असे आणि मास्तरांच्या शेजारी राहत असे. इकडे सुरत आणि तिकडे भुसावळ, यापलीकडे मास्तर गेले नव्हते. शेठांचे कापसातली सरकी काढायचे जिन होते. मुलाने अमेरिकेतली कपाशी आणि यंत्रे पाहून यावीत असे त्यांच्या मनात आले, तेव्हा त्यांनी मास्तरांना पेढीवर बोलावले आणि चार माणसांसमोर सांगितले, “वाट तुम्ही आखा, आणि पोराबरोबर तुम्हीच चला.” त्या चारांत मी होतो.

दीड वर्ष मास्तर दुसरे काही बोलले नाहीत. तिकडच्या रेल्वे कंपन्यांना ते पत्रे लिहीत, मी त्यांचे इंग्रजी तपासून देई. तीन-चार महिन्यांनी वेळापत्रकाचे जाड पाकीट आले, की हातपाय धुतल्याशिवाय ते फोडायचे नाहीत. बोट जपानवरून जाणार, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचे आणि पूर्वेकडे सरकत न्यूयॉर्कला निघायचे, एवढे ठरवायलाच त्यांना एक पावसाळा लागला. शिक्षकांच्या खोलीत त्यांना अमेरिकेचे स्टेशनमास्तर म्हणत. गणिताचे गुरुजी रोज विचारायचे, “काय मास्तर, आज मुक्काम कुठं?” आणि मास्तर चेष्टा न ओळखता खरेच सांगत, की आज टेक्सासात, उद्या सकाळी सव्वासातची गाडी.

आराखड्यात दर आठवा दिवस कोरा होता. का, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, “माणूस बघून बघूनही थकतो. एक दिवस त्याला नुसतं बसू द्यावं.” शेठांच्या घरी मांसमच्छी चालत नसे, म्हणून सात आठवड्यांची मिरचीची चटणी किती लागेल हे काढण्यासाठी मास्तरांनी स्वतः एक आठवडा मोजून चटणी खाल्ली. शेवटी म्हणाले, परक्या मुलखात माणूस तिखट जास्त खाईल, आणि एक डबा वाढवला.

निघण्याचा मुहूर्त बोटीच्या तारखेआधी बारा दिवस येत होता. अशा वेळी आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. मुहूर्तावर सामानातले काहीतरी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे, म्हणजे माणूस निघाला असे धरतात. मास्तरांच्या आईने आपल्या मुलाच्या उपरण्यात तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधून ते आमच्या देवापाशी आणून ठेवले. म्हातारीला अमेरिका म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. मुलगा निघाला, एवढे तिला पुरे होते.

पाच दिवसांनी मास्तरांचा रजेचा अर्ज नामंजूर होऊन आला. शाळेच्या समितीचे अध्यक्ष शेठच होते. खाली सही त्यांची होती. मास्तर पेढीवर गेले, मीही गेलो. शेठ हसत म्हणाले, “तुम्ही गेलात तर पोरांना तापी कोण शिकवणार? आणि पाहुण्यांची फार इच्छा आहे हो.” मेहुणा तिथेच पान खात बसला होता. त्याला इंग्रजीत पाणी मागता येत नव्हते. मास्तर म्हणाले, “बरोबर आहे,” आणि पिशवीतून आराखडा काढून त्यांच्यापुढे ठेवला. पानांचा क्रम लावून दिला. कोऱ्या दिवसांचे कारणही समजावून सांगितले. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. वेतन मलाही तिथूनच मिळत होते.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आमच्याकडे आली. तिने गाठोडे सोडले, तांदूळ अंगणात चिमण्यांना टाकले आणि उपरणे झटकून घडी केली. माझी बायको म्हणाली, आजी, राहू द्या ना देवापाशी. तेव्हा ती म्हणाली, “मन्हा पोऱ्या कथाच गया नही. हाई आते कसाले ठेवानं?”

सात आठवड्यांसाठी गेलेले ते दोघे तिथे तीनच आठवडे राहिले. टेक्सासच्या अलीकडे त्यांची गाडी चुकली, पुढच्या साऱ्या गाड्या आणि खोल्या चुकल्या, आणि ते घाबरून थेट न्यूयॉर्क गाठून परतले. कपाशीचे बोंडही त्यांनी पाहिले नाही. ते आल्यावर शेठ बाजारभर सांगत सुटले, की मास्तराने वेळा चुकीच्या लिहिल्या.

आराखड्याची नक्कल माझ्याकडे होती. ती काढून पाहिली. गाडी चुकली तिथल्या पानावर तांबड्या शाईने लिहिले होते: येथून पुढे घड्याळ एक तास पुढे करावे. त्या दोघांनी ते केले नव्हते, म्हणून स्टेशनवर तासभर उशिरा पोचले. मी ते पान घेऊन मास्तरांकडे धावलो. चला, म्हटले, आत्ताच्या आत्ता शेठांच्या तोंडावर टाकू. त्यांनी चष्मा लावून ते पान शांतपणे वाचले.

“माझीही चूक आहे,” ते म्हणाले. “मी हे खालच्या कोपऱ्यात लिहिलं. वर लिहायला हवं होतं.”

त्यांच्यावर मी आयुष्यात एकदाच ओरडलो, ते तेव्हा. तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असे मी त्यांना विचारले. लाज कोणाला वाटायला हवी होती, हे मला ठाऊक असताना विचारले. त्यांनी मला खाली बस म्हटले आणि आईला चहा टाकायला सांगितले.

दोन वर्षांनी हिवतापाने ते गेले. तिरडीला शेठांनी खांदा दिला. चार पावले चालून त्यांनी तो दुसऱ्याकडे दिला, आणि लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. तांबड्या शाईचे ते पान तेव्हाही माझ्या घरीच होते.

शेठ अजून समितीवर आहेत. भूगोल आता मी शिकवतो.