ब्रिजवरची रिक्षा आणि पाठीमागचा पाय

सुरत स्टेशनाबाहेर पडले तेव्हा खांद्यावर पत्रकांची पिशवी होती आणि पोटात काहीच नव्हतं. आधी पोट. गाडीवर लोचो (हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला, घट्ट न झालेला ढोकळाच म्हणा) खाल्ला, वरून शेव, कांदा, तेल. सोलापूरच्या मंडळींनो, आपली शेंगाचटणी विसरून मी दुसरी प्लेटही घेतली.

सुरतेतल्या लिंबायत वस्तीत मागांचा खडखडाट, आणि त्याच्या वर आवाज चढवून बोलणारी खानदेशी माणसं. मला पुढं बमरोलीला जायचं होतं, एका कापड मिलच्या गेटवर. तिथला नियम: भोंगा संपला की दार बंद. उशीर झाला तर हजेरी गेली, पुन्हा झाला तर काम गेलं. याला नियम म्हणतात! आमच्या संघटनेचं पत्रक त्याविरुद्धच होतं.

तिथल्याच खानदेशी अशोकभाऊंच्या शेअर रिक्षात माझ्याशेजारी सुनंदाताई बसल्या. त्याच मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालतात. मांडीवर जेवणाचा डबा. पत्रक पुढं केलं तर म्हणाल्या, "ते मग. आधी पोचू द्या. मागल्या आठवड्यात उशीर झालाय. आज झाला तर मुकादम माझ्या जागी दुसरीला उभी करील."

आणि रेल्वेवरच्या ब्रिजच्या चढावर रिक्षा आचके देत थांबली.

"गॅस संपला," अशोकभाऊ म्हणाले.

"काल भरता नाही आला?" मी विचारलं.

"पंपावरची रांग पाहिली का तुम्ही?"

तेवढ्यात मागून एक गुजराती रिक्षावाला आला. ओळख ना पाळख. त्यानं बसल्या जागेवरून डावा पाय बाहेर काढला, आमच्या रिक्षाच्या मागच्या पत्र्याला लावला आणि आपली रिक्षा रेटली. सुरतेत हे रोजचं आहे म्हणे. मी मात्र मान मागं वळवून बघतच राहिले.

कारण रिक्षा पुढं कमी आणि कठड्याकडे जास्त जात होती. अशोकभाऊ हँडल दाबून तिला परत आणत होते. मागचा माणूस फार उजवीकडे होता, म्हणून पाय तिरका. तिरक्या जोराचे दोन वाटे होतात, हे शाळेत पाठ केलं होतं. इथं डोळ्यांनी दिसलं. चालण्याच्या दिशेत पडणारा वाटा वेग वाढवतो. आडवा पडणारा वाटा वाट वाकवतो. आणि चढावर आमचंच वजन, त्याचा उताराकडचा वाटा, सगळ्यांना मागं ओढत होता.

"सरळ मागे या!" मी ओरडले. "पाय सरळ लावा!"

"बेन, पहेलां तमे उतरो!" (ताई, आधी तुम्ही उतरा.)

"बरोबर आहे," अशोकभाऊ हसले. "दोन प्लेट लोचो आम्ही का ढकलायचा?"

मी पिशवीसकट खाली उडी मारली. तो थोडा आत सरकला, पाय जवळजवळ सरळ झाला. रिक्षा हलली, मग धावली. माथ्यावर तरी थांबतील असं वाटलं होतं, पण हाती आलेला वेग कोण सोडतो? पलीकडच्या उतारावर त्याच वजनानं बाजू बदलली. दोन्ही रिक्षा दिसेनाशा झाल्या.

मी धावत निघाले. वाटेतच भोंगा ऐकला.

गेटपाशी दोघे रिक्षावाले चहा पीत उभे होते. दार बंद.

"काय झालं?"

"गयी मझार!" (गेली आत!) अशोकभाऊंनी पेला उंचावला. "भोंगा वाजत होता तोवर शिरली. पण हे बघा, घाईत डबा सीटवरच ऱ्हायना." (राहिला.)

मी वॉचमनला आमचं पत्रक दिलं, आणि भाषणही. त्यानं पत्रक न वाचता परत केलं. "हे आत नाही जाणार."

"बाईचा डबा तरी?"

"डबा द्या. जेवणाला कोण नाही म्हणतं?"

मी पाठ वळवली, डबा उघडला, भाकरीखाली एक पत्रक घडी घालून ठेवलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा सुनंदाताई मलाच शोधत आल्या. "चटणीचं तेल लागलं त्याला," त्या म्हणाल्या. "पण वाचता आलं. सगळ्या जणींनी वाचलं. अजून आहेत?"

परतीच्या गाडीत बसले तेव्हा खांदा हलका होता. दिवसभर त्या दारासमोर ओरडले असते तर घसा बसला असता, दार तसूभर हललं नसतं. जोर माझ्याकडे होताच. तो कुठून लावायचा, ते एका अनोळखी माणसाच्या पायानं दाखवलं.